थिजलेले थेंब आणि थरथरणारा हात

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाचा हात निवृत्तीनंतर चहाचा कप धरताना थरथरू लागतो. कंपवाताचे निदान झाले की घरचे विचारतात, ‘डॉक्टर, हे कशामुळे?’ पूर्वी मी ‘मेंदूत डोपामीन कमी पडते’ एवढेच सांगत असे. आज थोडे अधिक सांगता येते, आणि त्यातील काही भाग पवईत उलगडला आहे.

या आजारात चेतापेशींमध्ये अल्फा-सायन्युक्लीन नावाच्या प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून साचतात. हे चिकटणे पाहायचे, तर प्रथिनाला चमकणारी खूण जोडावी लागते. जेलीफिशमध्ये सापडलेले हिरवे प्रथिन त्यासाठी जगभर वापरतात. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच कामाला मिळाले. परंतु ते २३८ अमिनो आम्लांचे, आणि अल्फा-सायन्युक्लीन अवघे १४० चे! नातवाच्या पाठीवर त्याच्याहून मोठे दप्तर लादून त्याची चाल तपासावी, तसे हे होते. म्हणून मोजक्याच अमिनो आम्लांची चिमुकली खूण घडवली जाते. तिला विशिष्ट रंगद्रव्य चिकटले की ती उजळते.

मुंबईच्या आयआयटीतील प्रा. समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले, की हे प्रथिन प्रथम द्रवरूप थेंबांत गोळा होते. थेंब एकमेकांत मिसळतात, आणि काही काळाने थंडीत तूप थिजावे तसे घट्ट होऊन त्यांत तंतू तयार होतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींतही त्यांना असेच थेंब दिसले. तूप मात्र ऊब मिळताच पातळ होते. या थिजलेल्या प्रथिनाला विरघळवणारे सिद्ध औषध अद्याप नाही. कोणी तसे चूर्ण विकत असेल, तर त्यापायी चालू गोळ्या थांबवू नका. लेव्होडोपा अचानक बंद केल्याने शरीर ताठरून तीव्र ताप येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

आणखी दोन गैरसमज माझ्याकडे वारंवार येतात. ही रक्ताची गुठळी नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा येथे उपयोग नाही. आणि ‘प्रथिन साचते’ हे ऐकून आजोबांची डाळ-दूध बंद करू नका, कारण ते प्रथिन पेशी स्वतःच बनवते. आहारातील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात मात्र अडथळा आणतात. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून ती गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी; मळमळ होत असेल, तर सोबत एखादे साधे बिस्कीट चालते.