ढिगारा हेही एक बांधकामच

चंद्रपूर-वणीकडील उघड्या खाणींचे अजस्र डम्प ज्याने पाहिले आहेत, त्याची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे की दगडमातीचे डोंगर उभे राहतात ते अशा खाणींच्याच शेजारी, भूमिगत खाणीतून मात्र केवळ कोळसा वर येतो. वस्तुस्थिती तशी नाही. कोळशाच्या थरापर्यंत जाण्यासाठी खडक फोडून बोगदे काढावे लागतात, थरांच्या मधे शेलच्या पट्ट्या असतात, छताचा दगड कोळशाबरोबरच निखळून येतो; आणि वर आलेला माल वॉशरीत धुतला की दगड निराळा व पाण्यात कालवलेला अतिसूक्ष्म गाळ निराळा उरतो. हे सारे पुन्हा खालीच का भरू नये, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. परंतु फुटलेला खडक मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि छताला आधार म्हणून भरणी करावयाची झाली तरी आपल्याकडील खाणींत ती परंपरेने नळांतून पाण्याबरोबर सोडलेल्या नदीच्या वाळूने केली जाते. सबब, बराचसा कचरा वरच राहतो.

वर राहिलेला हा दगड जड व निर्जीव असून एकदा टाकला की तो जागचा हलत नाही, हा गैरसमज सर्वांत महागात पडला तो वेल्समधील ॲबरव्हॅन या गावाला. मर्थर व्हेल खाणीचा सातव्या क्रमांकाचा ढिगारा 1958 पासून गावावरच्या डोंगरउतारावर रचला जात होता, आणि तो रचला जात होता नेमका एका झऱ्यावर. दगडाच्या जोडीला कोळसा धुऊन उरलेला बारीक गाळही त्यावर पडे. अशा ढिगाऱ्याच्या पोटात पाणी साचत गेले म्हणजे कणांच्या मधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांना कणांचा जो आधार असतो तो सुटतो, आणि जो काल डोंगर होता तो क्षणार्धात द्रवासारखा वाहू लागतो. 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो वाहिला, आणि पायथ्याशी असलेल्या पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर आला. 144 माणसे दगावली. त्यांत 116 मुले होती.

यावर राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स यांनी कैफियत अशी मांडली की ढिगाऱ्याखालचा झरा कोणास ठाऊकच नव्हता. तो गावातल्या माणसांना ठाऊक होता, आणि सरकारी नकाशांवरही दाखविलेला होता. त्याच डोंगरावरचा चौथा ढिगारा 1944 मध्ये घसरला होता, खुद्द सातवाही 1963 मध्ये घसरला होता. शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याविषयी नगरपालिकेच्या अभियंत्याने त्याच वर्षी पत्र लिहिले होते. धोका दफ्तरात नमूद असणे आणि त्याची दखल घेतली जाणे, यांत किती अंतर असू शकते, हे दाखवायला याहून वेगळा पुरावा नको. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी न्यायाधिकरणाने 76 दिवस कामकाज चालवून 1967 मध्ये दोष मंडळाच्या माथी ठेवला.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म असे, की ढिगारा हे कामाचे उरलेसुरले नसून धरणासारखे एक बांधकामच आहे, आणि ते त्याच काळजीने रचले पाहिजे. जागा निवडण्यापूर्वी झरे व ओहळ शोधावेत, पाण्याला चर खणून वाट द्यावी, माल पातळ थरांनी पसरून दाबावा, गाळ दगडात न मिसळता बांध घातलेल्या तळ्यात निराळा ठेवावा, आणि मापे घेणारा जबाबदार माणूस वेळोवेळी तेथे हजर असावा. थर दाबण्याने आणखी एक लाभ होतो. कचऱ्यात उरलेला कोळसा आणि लोहगंधकाचे खनिज हवेशी संयोग पावून आपोआप तापते, पेटते, आणि पावसाच्या पाण्याला आम्ल करते. दगड काय जळणार, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. हवेची वाट बुजली की ही आग पुष्कळशी टळते.

कायद्याने याचा बंदोबस्त आधीपासूनच केला असेल, असेही वाटण्याचा संभव आहे. पण खाणीच्या आतल्या माणसाच्या सुरक्षिततेची कलमे रचणाऱ्या ब्रिटनमध्ये बाहेरच्या ढिगाऱ्याच्या स्थैर्यासंबंधीचा कायदा झाला तो 1969 मध्ये, म्हणजे शाळा गाडली गेल्यानंतर. खाण बंद झाली म्हणजे ढिगाराही निवृत्त होतो, ही समजूतही अशीच फोल: फेब्रुवारी 2020 मधील वादळी पावसात वेल्समधल्याच टायलर्सटाउनचा जुना ढिगारा दरीत उतरला. सुदैवाने त्यात कोणी दगावले नाही.

राहता राहिला खर्च. ज्याचा ढिगारा त्याने तो हलवावा, हा न्याय कोणासही स्वयंसिद्ध वाटेल. ॲबरव्हॅनवरचे उरलेले ढिगारे हलविण्यासाठी मात्र सरकारने दुर्घटनाग्रस्तांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ते 1997 मध्ये परत केले, तेही व्याजावाचून.