चार डिस्कमधली बिघडलेली नेमकी कोणती?

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओचा खरा ऐवज आता एका लहानशा पेटीत मावतो. लग्नसराईतले हजारो फोटो, हळदीपासून पाठवणीपर्यंतचे चित्रीकरण, गिऱ्हाइकांनी पुन्हा मागितले तर द्यायला ठेवलेले पाच-सात वर्षांपूर्वीचे अल्बम, असे सगळे तिच्यात असते. काही घरांतही अशी पेटी असते. तिच्यात मुलांचे लहानपणीचे फोटो, आजोबांच्या आवाजातली ध्वनिफीत आणि शेतीच्या कागदपत्रांचे स्कॅन ठेवलेले असतात. या पेटीला होम सर्व्हर किंवा ‘नॅस’ म्हणतात. आत बहुधा दोन किंवा चार हार्ड डिस्क शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि घरातले मोबाइल, संगणक, टीव्ही वाय-फायवरून तिच्याशी जोडलेले असतात.

एखाद्या दिवशी ही पेटी बीप-बीप वाजू लागते. संगणकाच्या पडद्यावर संदेश येतो : एक डिस्क निकामी झाली आहे, बदलून घ्या. फोटो मात्र सगळे दिसत असतात, काहीच गेलेले नसते. पेटीचे दार उघडले, की समोर एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, एकाच दिवशी घेतलेल्या चार डिस्क दिसतात. त्यांतली बिघडलेली कोणती?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळा धोका इथेच आहे. एक डिस्क बिघडल्याने माहिती जात नाही. बिघडलेली समजून चांगली डिस्क बाहेर ओढली, तर मात्र सगळीच माहिती पणाला लागते.

एक गेली तरी चालते, दोन गेल्या की संपले

बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका मोठ्या, महागड्या डिस्कचे काम त्यांच्याकडून करून घ्यायचे आणि त्यांतली एखादी बंद पडली तरी काम थांबू द्यायचे नाही, ही कल्पना अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८७-८८ मध्ये मांडली. ‘रेड’ हे नाव तेव्हापासूनचे.

तिचे गणित सोपे करून सांगता येते. तीन डिस्कवर ७, ५ आणि ४ हे आकडे लिहिले आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज, म्हणजे १६, असे समजा. पाच लिहिलेली डिस्क बंद पडली, तर १६ मधून ७ आणि ४ वजा करून हरवलेला पाच परत मिळतो. प्रत्यक्षात हिशेब दोन अंकी पद्धतीने होतो आणि ही ‘बेरीज’ चारही डिस्कवर आळीपाळीने वाटून ठेवलेली असते, पण तत्त्व हेच. म्हणून चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या तर वापरायला सोळाऐवजी सुमारे बारा टेराबाइट जागा मिळते. उरलेली जागा विम्याच्या हप्त्यासारखी खर्ची पडते.

पण दोन आकडे एकदम हरवले, तर एका बेरजेवरून ते सापडत नाहीत. एक डिस्क बिघडलेली असताना दुसरी, चांगली डिस्क काढली, की नेमके हेच होते. घरगुती पेट्यांमध्ये बहुधा एकाच डिस्कचा विमा असतो. त्यामुळे पेटी बीप करू लागते तेव्हा तो विमा वापरून झालेला असतो.

आधी निदान

हार्ड डिस्क हे नाजूक यंत्र आहे. आतल्या चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांनी फिरत असतात आणि त्यांवरून वाचणारे टोक, म्हणजे हेड, काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असते. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हे अंतर हजारो पटींनी कमी आहे. तबकडीवरचा एखादा भाग खराब झाला, तर डिस्क स्वतःच तो वगळते आणि राखीव जागेतला भाग वापरायला घेते. अशा घटनांची नोंद ती स्वतःजवळ ठेवते. या नोंदवहीला ‘स्मार्ट’ असे नाव आहे आणि जवळपास प्रत्येक पेटीत ती वाचण्याची सोय असते.

डॉक्टर रक्ताच्या अहवालातल्या मोजक्या आकड्यांवर आधी नजर टाकतात, तसे या नोंदवहीतले तीन आकडे आधी पाहावेत. क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले भाग, क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने संशयित ठरलेले भाग आणि क्रमांक १९८ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या चुका. हे आकडे शून्य असतील तर उत्तम. ते दर आठवड्याला वाढत असतील, तर डिस्क शेवटच्या टप्प्यात आली असे समजावे. क्रमांक १९९ मात्र वेगळी गोष्ट सांगतो. तो वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो. अशा वेळी नवी डिस्क आणण्याआधी शंभर-दोनशे रुपयांची केबल बदलून पाहणे शहाणपणाचे.

या नोंदवहीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ‘गुगल’च्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट अधिक होती. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. म्हणजे लक्षण दिसले तर ते गंभीर मानावे, पण लक्षण नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

नाव फसवते, क्रमांक फसवत नाही

निदान झाल्यावर प्रश्न येतो तो ओळख पटवण्याचा. पडद्यावर ‘डिस्क ३’ किंवा ‘एसडीसी’ असे लिहिलेले असते. पेटीकडे पाहून डावीकडून तिसरी डिस्क ओढण्याचा मोह इथेच होतो. तो टाळायला हवा, कारण हे नाव कायमचे नसते. अनेक प्रणालींत पेटी सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क ओळख देतात, त्या क्रमाने त्यांना नावे मिळतात. बिघडलेली डिस्क पुढच्या वेळी उठलीच नाही, तर तिच्या मागच्या सगळ्या एक-एक घर पुढे सरकतात. काल चौथी असलेली चांगली डिस्क आज ‘तिसरी’ होते. काही पेट्या मोजणी एकपासून करतात, काही शून्यापासून. काहींत क्रम डावीकडून उजवीकडे, तर काहींत वरून खाली असतो.

न बदलणारी खूण एकच, ती म्हणजे डिस्कचा अनुक्रमांक. हा क्रमांक डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो आणि तिच्या आतल्या स्मृतीतही नोंदलेला असतो. पडद्यावरचा क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक जुळला, तरच ओळख पटली. एकाच वेळी घेतलेल्या डिस्कचे क्रमांक पुष्कळदा सुरुवातीला सारखे असतात आणि फरक शेवटच्या काही अक्षरांत असतो. म्हणून क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्या माणसाने तो ताडून पाहावा.

बिघडलेली डिस्क पूर्ण मुकी झाली असेल, तर तिचा क्रमांक पडद्यावर येणारच नाही. अशा वेळी उलट बाजूने जावे. जिवंत असलेल्या तिन्ही डिस्कचे क्रमांक कागदावर उतरवावेत. पेटी रीतसर बंद करून, वीज काढून, एक-एक डिस्क बाहेर घेऊन लेबल वाचावे आणि तिला तिच्याच जागी परत बसवावे. यादीत जिचा क्रमांक नाही, ती बिघडलेली.

दिव्यांचाही उपयोग होतो. काही पेट्यांत ठरावीक डिस्कचा दिवा लुकलुकवण्याची आज्ञा देता येते. ती सोय नसेल, तर एखादी मोठी चित्रफीत उघडावी. चांगल्या डिस्कचे दिवे भरभर लुकलुकतात आणि बिघडलेलीचा दिवा शांत राहतो. पण दिवा हा दुय्यम पुरावा. अंतिम शब्द अनुक्रमांकाचा.

शस्त्रक्रियागृहातला धडा

चुकीची डिस्क काढण्याला वैद्यकशास्त्रात एक जोडीदार आहे : चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया. डाव्या गुडघ्याऐवजी उजवा किंवा रोगी मूत्रपिंडाऐवजी निरोगी, अशा चुका कुशल डॉक्टरांच्या हातूनही झालेल्या आहेत. त्यामागे ज्ञानाची उणीव क्वचितच असते. शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात, वेळ कमी असतो आणि सगळ्यांनी गृहीत धरलेले असते की दुसऱ्याने तपासले असेल.

यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व केले डॉ. अतुल गावंडे यांनी. दारव्हा ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातील उटी हे त्यांच्या वडिलांचे, डॉ. आत्माराम गावंडे यांचे मूळ गाव. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी असे तीनदा थांबायचे, रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने उच्चारायची, अशी ही साधी पद्धत. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलेले दिसले.

डिस्क काढण्यापूर्वीची यादी तर चारच ओळींची आहे. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घेतली का? बिघडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक लिहून घेतला का? तो लेबलशी जुळला का? पेटी चालू असताना डिस्क काढण्याची सोय आहे का, नसेल तर वीज बंद केली का? चारही उत्तरे ‘हो’ आली, की मगच हात घालावा.

तरीही चुकीची डिस्क निघालीच, तर घाबरून बटणे दाबू नयेत. पेटी बंद करावी, डिस्क तिच्या मूळ जागी बसवावी आणि पेटी पुन्हा सुरू करावी. बऱ्याचदा साठा परत मिळतो. ‘नवीन साठा तयार करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ अशा सूचनेला मात्र होकार देऊ नये. माहिती मौल्यवान असेल, तर इथेच थांबून जाणकाराकडे जावे. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. हेड तबकडीला घासून उरलेली माहितीही जाऊ शकते.

नवी डिस्क बसवल्यानंतर

नवी डिस्क जुनीपेक्षा कमी क्षमतेची चालत नाही. काही डिस्कमध्ये माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्या स्वस्त पडतात, पण अशा पेटीत फार मंद चालतात. घेताना दुकानदाराला हे विचारून घ्यावे.

डिस्क बसवली की पेटी हरवलेले आकडे पुन्हा मांडू लागते. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी सात तासांहून अधिक वेळ लागतो आणि प्रत्यक्षात तो आणखी वाढतो. या काळात उरलेल्या, तितक्याच जुन्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. त्यांतली एखादी याच वेळी मान टाकू शकते. म्हणून प्रत आधी घ्यायची आणि मग नवी डिस्क बसवायची, हा क्रम चुकवू नये. या कामाच्या मध्येच वीज गेली तर घोळ वाढतो, म्हणून पेटीला यूपीएस जोडलेला असावा.

उन्हाळ्याचे काय? विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बंद कपाटातली पेटी त्याहून तापते. गुगलच्या अभ्यासात मध्यम तापमानाचा फारसा दुष्परिणाम दिसला नव्हता. फार जास्त तापमानात, विशेषतः जुन्या डिस्कच्या बाबतीत, तो दिसला होता. अनेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते. तेव्हा पेटी भिंतीला चिकटवू नये, वर कापड टाकू नये आणि पंख्यावरची धूळ पेटी बंद करून महिन्याकाठी झाडावी.

डिस्क कितीही असल्या, तरी त्या एकाच पेटीत आहेत हे विसरू नये. चोरी, आग, संगणकी खंडणीचा विषाणू किंवा चुकून दाबलेले ‘डिलीट’ यांपुढे रेड काहीच करू शकत नाही. छायाचित्रकारांमध्ये रुळलेला ३-२-१ हा नियम म्हणूनच उपयोगी आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दारव्ह्याच्या स्टुडिओची एक प्रत यवतमाळच्या नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर असली, तरी हा नियम पाळला जातो.

सगळ्या डिस्क ठणठणीत असतानाच अर्ध्या तासाचे एक काम उरकून घ्यावे. पेटी बंद करून प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक वाचावा, त्याची शेवटची चार-पाच अक्षरे पट्टीवर लिहून ती त्या खणाच्या दर्शनी बाजूला चिकटवावी आणि खण, क्रमांक व खरेदीची तारीख यांचा तक्ता कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावावा. तक्ता पेटीतच साठवू नये. पेटी बीप करेल त्या दिवशी तो वाचता यायला हवा.