मंगळवेढ्यातला समुद्र

मंगळवेढ्याला समुद्र नाही. हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटत नव्हतं. पण निवृत्तीनंतर रोज सकाळी साडेसहा ते आठ मी आमच्या ओसरीत बसून समुद्राची चित्रं रंगवतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मला ही माहिती नव्यानं देतो. दूधवाला देतो, पेपरवाला देतो, वीजबिल घेऊन आलेला मुलगाही देतो. ‘‘साहेब, इथं कुठला समुद्र?’’ मी मान डोलावतो आणि ब्रश पाण्यात बुडवतो.

त्यांचं खरंच आहे. आमचा मुलूख काळ्या मातीचा आणि ज्वारीचा. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही उगाचच मिशांवर ताव दिला. पिकवणारा कोरडवाहू शेतकरी मात्र आभाळाकडेच बघत राहिला. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही त्याच्या मनात आलं तर. तालुक्याच्या दक्षिण भागातली गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी भांडत आली. संतांच्या बाबतीत मात्र आमच्याकडे सुकाळ. दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली, आणि गावकूस बांधताना अंगावर भिंत कोसळून चोखोबा गेले तेही इथंच. अशा गावात बसून एका म्हाताऱ्यानं भरती-ओहोटी रंगवावी, म्हणजे थोडं चळ लागल्यासारखंच आहे.

याचं मूळ माझ्या नोकरीत आहे. मी बँकेत अधिकारी होतो. कादंबऱ्या नंतर लिहिल्या. आधी पंचवीस-तीस वर्षं लेजर लिहिलं. १९८९ ते १९९२ या काळात माझी बदली मालवणजवळच्या एका छोट्या शाखेत होती. मुलं लहान, कुटुंब मंगळवेढ्यालाच. संध्याकाळी खोलीवर परतलं की भिंती खायला उठायच्या. शेजारी एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहत. इलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांचा जन्म गेलेला. एके दिवशी त्यांनीच मला कॅमलिनच्या रंगांची पेटी, दोन ब्रश आणि पाण्याचा मग घेऊन किनाऱ्यावर नेलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाले, ‘‘जलरंगात पांढरा रंग नसतो. पांढरं आहे ते कागदात आहे. जिथं उजेड हवा तिथं हात लावायचा नाही.’’ मला ते लगेच पटलं, कारण बँकेतही हाच कायदा होता. खाडाखोड चालत नाही, खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि ती चूक पुढच्या तपासनिसाला दिसेल अशी जपून ठेवायची. तैलरंगात वर दुसरा थर चढवता येतो. जलरंगात खालचं सगळं दिसतं.

किनाऱ्यावर बसल्याशिवाय न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथं कळल्या. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, जमिनीकडून येतं. मालवणच्या धक्क्यावरून पाहिलं तर १६६४ साली महाराजांनी पाया घातलेल्या सिंधुदुर्गाच्या तटावर ते समोरून पडतं. दगड पिवळट, पाणी हिरवं, सावल्या कमी. संध्याकाळी सगळं उलटं. सूर्य किल्ल्यामागे जातो, तट काळा होतो आणि पाण्यावर नुसती चांदी. ती चांदी रंगवायची नसते, चुकवायची असते. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून खरखरीत कागदावरून झरकन ओढला, की खळग्यांतलं पांढरं तसंच राहतं आणि पाणी चमकायला लागतं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी जांभ्याच्या मातीनं तांबूस होतं. तिथं निळा घातला तर चित्र खोटं पडतं.

बदली झाली, पेटी माळ्यावर गेली. ती खाली आली निवृत्तीनंतर. आणि पहिल्याच सकाळी लक्षात आलं, की कोकणात शिकलेलं सगळं इथं उपयोगाचं नाही. तिकडे जुलैत एक वॉश वाळायला अर्धा तास जाई. आम्ही विडी-काडीच्या गप्पा मारत थांबत असू. इथं एप्रिलमध्ये आकाशाचा वॉश डावीकडून सुरू केला, तर उजव्या कडेला पोचेपर्यंत डावीकडचा खडखडीत वाळलेला, आणि मध्ये करवतीसारखी कड. मग मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर चिकटवायला लागलो, फवाऱ्याची बाटली जवळ ठेवली, आणि ऊन ओसरीवर चढायच्या आत आकाश उरकायचं ठरवून टाकलं. रोजची वेळ ठरली ती शिस्तीमुळे नाही, हवेमुळे.

समुद्राजवळ न राहता पाणी रंगवणारा मी काही पहिला नव्हे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाचं पाणी पुनःपुन्हा रंगवलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार एका तळ्याकाठी रमला आणि १९३१ मध्ये गेला. मूळचे सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं, हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बोटांमधून झिरपणारा तो उजेड जलरंगातला आहे, हे पुष्कळांना सांगूनही खरं वाटत नाही. या माणसांची नावं माझ्या चित्रांच्या शेजारी घ्यायचा मला अधिकार नाही. पण एकाच पाण्याकडे रोज बघत बसणं हा वेळेचा अपव्यय नव्हे, एवढा धीर त्यांच्याकडून मिळतो.

तर असं सगळं सुखात चाललं होतं. मध्यंतरी दक्षिण भागातले एक ओळखीचे शेतकरी ओसरीवर टेकले. स्वतःचीच काही कर्जाची कागदपत्रं दाखवायला आले होते. चहा होईपर्यंत भिंतीला टेकवलेली चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली. सगळी पाहून झाल्यावर म्हणाले, ‘‘सायेब, होड्या ब्येस झाल्यात. पर ह्यांचं मालक कुटं गेलं म्हनायचं?’’

मी हसलो. ते गेल्यावर गठ्ठा काढून बसलो. दोनशेच्या वर चित्रं होती. किनारा, सुरूची झाडं, वाळत घातलेली जाळी, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. माणूस एकाही चित्रात नव्हता. रापण ओढायला तीस-चाळीस माणसं दोराला लागतात. माझ्या चित्रात रापणीचं जाळंसुद्धा आपोआप किनाऱ्याला आलेलं होतं.

खरं कारण मला माहीत होतं. १९९१ साली आमच्या शाखेत एका मच्छीमाराचं होडी-इंजिनाचं कर्ज थकलं. दोन हंगाम वाईट गेलेले, घरात आजारपण. नोटिसा गेल्या, त्यांवर माझीच सही होती. वरून वसुलीचा तगादा होता, पण त्याच्याआड मला आज लपायचं नाही. मुदत वाढवून देण्याची शिफारस करणं माझ्या हातात होतं. ती मंजूर झाली असती की नाही, कोण जाणे. मी ती केली नाही. माझी बढतीची मुलाखत जवळ आली होती. ताबा घ्यायला मी आणि एक शिपाई गेलो. ‘स्वखुशीनं ताबा देत आहे’ असं छापील पत्र बरोबर होतं. त्यांनी ते न वाचता सही केली. मग म्हणाले, ‘‘वायच थांबा सायबानू. घाण आसा. धुवून दितंय.’’

आणि त्या माणसानं बादली घेतली, गुडघाभर पाण्यात जाऊन ती भरून आणली आणि आमच्यासमोर होडी धुतली. आतून, बाहेरून. अर्धा तास लागला असेल. आम्ही दोघं वाळूत उभे होतो. पुढे लिलाव झाला, रक्कम जमा झाली, खातं बंद झालं. मला बढतीही मिळाली.

मंगळवेढ्यात राहून दामाजीपंत टाळता येत नाहीत. रोज फिरून येताना त्यांच्या देवळावरून रस्ता आहे. बहामनी राजवटीतला हा अधिकारी. दुष्काळात त्यानं सरकारी कोठार भुकेल्यांना उघडून दिलं, आणि मग विठोबानं विठू महाराचं रूप घेऊन बिदरला पैसे भरले, पावती आणली, अशी कथा. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. बँकेत असताना मी ती चेष्टेनं सांगत असे : आमच्या गावच्या अधिकाऱ्याचं खातं देवानं जुळवलं. आता तिच्यातली दुसरी गोष्ट दिसते. कोठार उघडलं तेव्हा दामाजीला पावती मिळणार आहे हे ठाऊक नव्हतं. माझ्याकडे पहिल्यापासून सगळ्या पावत्या होत्या.

विन्स्लो होमर नावाचा अमेरिकन चित्रकार १८८१-८२ मध्ये इंग्लंडच्या कलरकोट्स या कोळीवाड्यात जाऊन राहिला. तिथल्या जलरंगांत किनाऱ्यावर उभ्या असलेल्या, होड्यांची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. त्या चित्रांत समुद्र दिसतो तो त्यांच्या उभं राहण्यातून. मुद्रित पुस्तकात ती चित्रं पाहिली तेव्हा माझ्या दोनशे चित्रांना काय झालं आहे ते नीट कळलं. मी त्यांतून उजेड राखला होता आणि माणूस धुऊन काढला होता.

पत्नीला मी ही हकीकत तीस वर्षांनी सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मग काढा की त्यांना. रोज बसताच आहात.’’ त्या शेतकऱ्यांची कागदपत्रं तेवढी मी त्या आठवड्यात नीट वाचली, पुनर्रचनेचा अर्ज लिहून दिला आणि बरोबर बँकेत गेलो. त्यांचं काय व्हायचं ते होईल. अर्ज तरी गेला.

तेव्हापासून रोज तेच चित्र काढतो आहे. होडी जमते, ओली वाळूही जमते. माणूस जमत नाही. कधी फार मोठा होतो, कधी फार केविलवाणा. ते केविलवाणे नव्हते. आपली वस्तू स्वच्छ करून देत होते. चेहरा आठवत नाही, म्हणून पाठमोरे काढतो. वाकलेली पाठ, हातात बादली, आणि बादलीतून फळ्यांवर सुटलेलं पाणी. त्या पाण्याला रंग द्यायचा नाही. तेवढा कागद कोरा ठेवायचा आणि भोवतालची होडी गडद करत न्यायची.

आज सकाळी साठाच्या आसपासचं चित्र झालं. बादलीतलं पाणी बरं उतरलं आहे. खांदा चुकला. जलरंगात दुरुस्ती नाही, त्यामुळे उद्याचा कागद आत्ताच भिजवून फळीवर चिकटवून ठेवला आहे. आमच्याकडच्या हवेत तो रात्रीपर्यंत वाळेल.