तारुण्यपिटिका आणि आपली नखे

स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री नाकाजवळची पुटकुळी फोडलेली एक मुलगी तिसऱ्या दिवशी सुजलेला ओठ व ताप घेऊन माझ्याकडे आली. नाकाच्या मुळापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातील शिरा मेंदूलगतच्या कॅव्हर्नस सायनसशी जोडलेल्या असतात. संसर्ग तेथवर पोहोचणे प्रतिजैविकांच्या काळात दुर्मीळ, पण घातक. व्रण मात्र नित्याचे. दाबल्याने पू त्वचेत खोलवर शिरतो.

चेहरा दोनदा सौम्य साबणाने धुवावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा रात्री अडॅपलीन लावावे. गुण येण्यास 8 ते 12 आठवडे लागतात. इतका धीर मुलांपेक्षा पालकांनाच कमी! गोरेपणासाठी घरात आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम तर मुळीच नको. त्याने पिटिका उलट बळावतात.

‘‘डॉक्टर, डाग जाईल ना?’’ तिच्या आईने विचारले. बराचसा गेला, पूर्ण नाही.