प्लग-इनच्या सेटिंग्जची मांडणी : उत्सर्ग, अपवाद आणि अनुल्लेख

एक्लिप्स हे प्रोग्रॅम-लेखनाचे साधन आय. बी. एम. कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वांसाठी खुले केले व २००४ मध्ये त्याचा कारभार एक्लिप्स फाउंडेशन या स्वतंत्र संस्थेकडे गेला. या साधनाचा गाभा लहान असून बहुतेक कामे प्लग-इन नावाच्या, बाहेरून जोडावयाच्या घटकांकडून होतात. हे घटक निरनिराळ्या लोकांनी, एकमेकांस न विचारता लिहिलेले असतात. तरीही त्या सर्वांची सेटिंग्ज वापरणाऱ्यापुढे एकाच खिडकीत, एकाच वृक्षाच्या रूपाने मांडावी लागतात. ही मांडणी कशी साधते, आणि कोठे फसते, हे भाषेच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगे आहे.

प्रथम वृक्षाविषयी. सेटिंग्जच्या प्रत्येक पानाला दोन नावे असतात. एक वाचकाला दिसणारे, ज्याचे भाषांतर होऊ शकते. दुसरे यंत्रापुरते, कायमचे. पान कोणत्या शाखेवर लावावयाचे ते या दुसऱ्या नावाने सांगितले जाते. त्यामुळे दृश्य नाव बदलले तरी नाते तुटत नाही. मात्र सांगितलेली शाखाच जागेवर नसेल, तर ते पान पोरके होऊन मुळाशी येऊन बसते. मुळाशी गर्दी होण्याचे हे एक कारण. दुसरे कारण मानवी आहे. नव्या प्लग-इनने आधी अस्तित्वात असलेल्या शाखेत जागा शोधावी, एका पानाने सुरुवात करावी, आणि शाखेचे पहिले पान कोरे न ठेवता नेहमी लागणारी सेटिंग्ज त्यावर ठेवावीत, असे एक्लिप्सचे मार्गदर्शक नियम सांगतात. तथापि आपल्या संस्थेचे नाव मुळाशी झळकावे हा मोह पुष्कळांना आवरत नाही. वापरणारा कामाच्या नावाने शोध घेतो, कर्त्याच्या नावाने नव्हे, याचा विसर पडतो. २००५ च्या ३.१ या आवृत्तीपासून पानांना शोधशब्द जोडण्याची सोय झाली. तिने गैरसोय कमी झाली, मांडणी सुधारली असे मात्र म्हणता येणार नाही.

वृक्ष हे झाले बाह्यरूप. खरा प्रश्न मूल्य कोठे ठेवावयाचे हा होय. एक्लिप्समध्ये त्यासाठी थर आहेत. सर्वांत खाली प्लग-इनच्या कर्त्याने दिलेले मूळ मूल्य; त्यावर त्या स्थापनेचे; त्यावर वापरणाऱ्याच्या कार्यक्षेत्राचे; आणि सर्वांत वर विशिष्ट प्रकल्पाचे. शोध वरून खाली होतो व जेथे प्रथम नोंद सापडते तेथे थांबतो. पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग-अपवादाचीच ही व्यवस्था म्हणावयास हरकत नाही. अति व अधिक मिळून अत्यधिक होते, इकाराचा यकार हा सामान्य नियम. पण रवि व इंद्र मिळून रवींद्र होते, कारण सवर्ण स्वरापुढे दीर्घादेशाचा विशेष नियम सामान्याला बाजूस सारतो. विशेषाचे क्षेत्र लहान, म्हणून त्याचे बळ अधिक.

परंतु साम्य येथवरच. व्याकरणात अपवाद आहे किंवा नाही हे सूत्रपाठ पाहून कळते. येथे प्रकल्पाच्या थराकडे पाहावयाचे की नाही हे प्लग-इनच्या कर्त्याच्या हाती असते. सेटिंग्ज वाचण्याचे जे तयार साधन प्लग-इनला मिळते ते, वेगळे सांगितल्याशिवाय, कार्यक्षेत्र व मूळ मूल्य एवढेच पाहते. परिणामी एखाद्या गटाने समासांतराचा नियम प्रकल्पातच लिहून ठेवला, तरी असा प्लग-इन तो न वाचता प्रत्येकाच्या यंत्रावरील मूल्याप्रमाणे वागतो. मग एकाच फाइलीत एकाने चार जागा सोडाव्यात, दुसऱ्याने दोन. आणि पुढे फरक तपासणाऱ्याला शेकडो ओळी बदललेल्या दिसाव्यात, ज्यांत अर्थाचा बदल एकही नसावा! प्रकल्पाची नोंद मुळ कोडासोबतच सर्वांना पोचते, कार्यक्षेत्राची ज्याच्या त्याच्या यंत्रावर राहते. म्हणून सर्वांनी मिळून पाळावयाची गोष्ट कोणती आणि व्यक्तीच्या आवडीची कोणती, हे आधी ठरविल्यावाचून पान लिहावयास बसणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे होय.

याहून सूक्ष्म प्रश्न अनुल्लेखाचा आहे. मूळ मूल्याइतकेच मूल्य वापरणाऱ्याने निवडले, तर हेच साधन ते लिहून ठेवीत नाही. आधीची नोंद असल्यास तीही काढून टाकते. समजा, मूळ मूल्य चार आहे. एकाने आठ करून पाहिले, पटले नाही, विचारपूर्वक पुन्हा चार केले. दुसऱ्याने त्या पानाकडे कधी पाहिलेच नाही. दोघांच्याही नोंदी रिकाम्या. भाषेत शून्य प्रत्यय अर्थवाहक असतो, कारण त्याच्या शेजारी इतर प्रत्यय उभे असतात. येथे मात्र निवड आणि मौन यांना एकच शून्य आहे. पुढील आवृत्तीत कर्त्याने मूळ मूल्य दोन केले, की दोघांचेही चार जातात. आणि पहिल्याला वाटते की आपले सेटिंग कोणीतरी पुसले. म्हणून मूळ मूल्य बदलावयाचेच असेल तर जुन्या नावाखाली ते गुपचूप बदलू नये. नव्या सेटिंगला नवे नाव द्यावे, आणि जुने नाव आहे तेथेच, आहे त्या अर्थाने राहू द्यावे.