हाताच्या खुणा : रस्त्यावरील सुरक्षिततेची भाषा

कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, माळशेज घाटाच्या पूर्वेस वसलेले ओतूर हे जुन्नर तालुक्यातील कांद्याच्या व्यापाराचे गाव. मालाचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, एस.टी. गाड्या आणि दुधाचे कॅन बांधलेल्या मोटारसायकली येथे एकाच रस्त्याने जातात. अशा मिश्र वाहतुकीत आपला हेतू मागच्यास वेळीच कळविणे, हा प्राणरक्षणाचाच एक भाग होय.

या खुणा केवळ रूढीने आलेल्या नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२१ नुसार चालकाने विहित इशारे देणे बंधनकारक आहे. १९८९ च्या रस्ता नियमावलीत उजव्या हाताच्या पाच खुणा सांगितल्या होत्या. तळहात खाली ठेवून हात वरखाली हलविणे म्हणजे वेग कमी होत आहे. कोपरापासून हात उभा धरणे म्हणजे वाहन थांबत आहे. हात आडवा सरळ धरणे म्हणजे उजवीकडे वळणे. तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरविणे म्हणजे डावीकडे वळणे. आणि मागून पुढे अर्धवर्तुळाकार हलविणे म्हणजे मागच्यास पुढे जाण्याची अनुमती. २०१७ मध्ये नवी नियमावली आली; तथापि दिवा बंद पडला की हातच उपयोगी येतो.

मोटारसायकलस्वाराची अडचण मात्र वेगळी आहे. वेगनियंत्रक मूठ व पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हाताशी असतात. म्हणून खूण वळणापूर्वी पुरेशी आधी द्यावी आणि प्रत्यक्ष वळताना दोन्ही हात हँडलवर असावेत. रात्री वा घाटातील धुक्यात हात दिसत नाही. तेथे दिव्याचाच आधार घ्यावा.

लोकव्यवहारातही काही खुणा रूढ आहेत. खाली बोट दाखविले की स्टँड उघडे आहे किंवा पदर चाकाजवळ आला आहे. मूठ उघडझाप केली की दिवा चालू राहिला आहे. या खुणांनी अनेकदा अपघात टळतो.

परंतु एका सवयीपासून सावध राहिले पाहिजे. काही ट्रकचालक ‘पुढे जा’ या अर्थाने उजवा दिवा लावतात. तोच दिवा ‘मी उजवीकडे वळत आहे’ असेही सांगतो. चुकीचा अर्थ घेणारा दुचाकीस्वार थेट वळत्या ट्रकसमोर येतो. समोरचा रस्ता स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, हाच येथे खरा नियम.

शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर या पाच खुणांचा सराव करून घेतल्यास व ग्रामपंचायतींनी त्यांची चित्रे बाजाराच्या ठिकाणी लावल्यास, विनाखर्चाची ही भाषा घरोघर पोचेल.