पाटीवरचा पत्ता

पुण्याहून नसरापूरला निघाले की चेलाडीच्या फाट्यावर वळण्याआधी खेड शिवापूरचा टोलनाका लागतो. २०२० च्या सुरुवातीला या नाक्याविरुद्ध आंदोलन झाले आणि एमएच-१२ व एमएच-१४ या क्रमांकांच्या गाड्यांना सूट मिळाली. ‘स्थानिक कोण?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दिवसापासून गाडीची पाटी देऊ लागली. पण पाटी खरोखर माणसाचा पत्ता सांगते का?

सुरुवातीला सांगत होती. पॅरिसमध्ये १८९३ साली मोटारीवर धातूची पाटी सक्तीची झाली, तेव्हा तिच्यावर मालकाचे नाव आणि पत्ताही लिहावा लागे. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने नावाऐवजी अक्षरे व आकडे आणले. अक्षरांवरून नोंदणी कुठल्या कचेरीत झाली ते कळे. हीच रीत आपल्याकडे आली. १९३९ चा मोटार वाहन कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. भोर तेव्हा संस्थान होते. मार्च १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. मुंबई प्रांताच्या गाड्यांवर ‘बीएम’सारखी अक्षरे असत. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर मालिका ‘एम’ने सुरू होऊ लागल्या. तीन अक्षरे आणि पुढे चारपर्यंत आकडे, असा तो साचा होता. अक्षरांवरून जिल्हा ओळखणे हे ड्रायव्हर, कंडक्टर आणि पोलीस यांचे खास ज्ञान होते.

१ जुलै १९८९ पासून नवा कायदा अमलात आला आणि हे ज्ञान सर्वांचे झाले. आधी राज्य, मग कार्यालयाचा आकडा, मग मालिकेची अक्षरे, शेवटी चार आकडे. बारा म्हणजे पुणे, चौदा पिंपरी-चिंचवड, अकरा सातारा, बेचाळीस बारामती. बदलामागे साधे गणित होते. एका मालिकेत ९,९९९ गाड्या मावतात. शून्य आणि एकशी गोंधळ नको म्हणून ‘ओ’ आणि ‘आय’ टाळले, तरी दोन अक्षरांच्या ५७६ जोड्या होतात. म्हणजे एकाच कार्यालयाला सुमारे साडेसत्तावन्न लाख क्रमांक मिळतात. रंग मात्र काही वर्षे जुनेच राहिले. खासगी गाडीची पाटी काळी, अक्षरे पांढरी. २००१ च्या दुरुस्तीने ती पांढरी झाली, अक्षरे काळी झाली आणि भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आली.

इथेच घोटाळा आहे. पाटीवरचा आकडा गाडीची पहिली नोंद जिथे झाली त्या कार्यालयाचा असतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर मालकाचे नाव व पत्ता बदलतो, क्रमांक बदलत नाही. नसरापूरच्या माणसाने साताऱ्याची जुनी जीप घेतली तर ती एमएच-११ च राहते. पुण्याची मोटार कोल्हापूरला गेली तरी बारा क्रमांक मिरवते. पाटीवरून सूट द्यायची तर नाक्यापासून काही किलोमीटरवर राहणारा पैसे भरणार आणि कोल्हापूरकर सुटणार.

पाटी वाचणाराही बदलला. देवनागरी आकडे नियमात बसत नाहीत. तरी ते दिसतात. ४९१२ हे इंग्रजी आकडे वळवून ‘पवार’ लिहिण्याची हौसही दिसते. अपघात करून पळालेल्या गाडीचा क्रमांक साक्षीदाराला सांगता यावा, हा पाटीचा मूळ हेतू त्यात हरवतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली: ॲल्युमिनियमचा पत्रा, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि काढले तर तुटणारे कुलूप. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठीची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. ही पाटी माणसाइतकीच कॅमेऱ्यासाठी आहे.

२०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका सुरू झाली. नोकरीनिमित्त राज्ये बदलणाऱ्यांसाठी ती सोयीची आहे. तिच्यावर नोंदणीचे वर्ष असते, पण जिल्हाही नसतो आणि राज्यही नसते. भोर तालुक्यातल्या एखाद्या जवानाची अशी गाडी नाक्यावर आली, तर पाटी बघून ती कुठली हे कोणालाच सांगता येणार नाही.

पॅरिसच्या पाटीवरून निघालेला पत्ता आता नोंदणीपुस्तकात गेला आहे, आणि मालक बदलला की तिथे तो बदलतोही. स्थानिक कोण हे ठरवायचेच असेल, तर नाक्यावर पाहायला हवे ते पुस्तक.